पावसाळ्यात विद्युतदर्शीची पाने मिटतात : काय तपासावे, कोणत्या क्रमाने

विद्युतदर्शी म्हणजे वस्तूवर विद्युतप्रभार आहे का ते दाखवणारे साधन : बरणीच्या झाकणातून गेलेली तार, तिच्या वर चकती, खाली धातूची दोन पातळ पाने. प्रभार आला की पाने फाकतात. यांपैकी एक जरी तुमच्या वर्गात घडत असेल, तर पुढचे तुमच्यासाठी आहे.

– घासलेला कंगवा किंवा रिफिल कागदाचे कपटे उचलतच नाही, किंवा उचलून लगेच टाकते.
– फडक्यावर घासलेला प्लॅस्टिकचा पाइप विद्युतदर्शीच्या चकतीला टेकवला तरी पाने हलत नाहीत.
– पाइप जवळ असेपर्यंत पाने उघडी, दूर नेला की मिटतात.
– पाने उघडतात, पाइप काढल्यावरही उघडी राहतात, पण बघता बघता हळूहळू खाली येतात.
– प्रयोगशाळेत चालले, वर्गात आणले तर चालेना.
– पहिल्या तासाला चालले, मधल्या सुट्टीनंतर बंद.
– एक पान बरणीच्या काचेला जाऊन चिकटते.

शाळांमधले प्रयोगाचे साहित्य दुरुस्त करणे आणि विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर बसून प्रयोग बसवणे, हे माझे काम. जूनपासून चवथीच्या सुट्टीपर्यंत सर्वांत जास्त बोलावणी याच प्रयोगासाठी येतात. गोव्याच्या उत्तर टोकाचे पेडणे असो की दक्षिण टोकाचे काणकोण, सुरुवातीचे वाक्य ठरलेले : "सर, आपल्याकडे हवाच दमट, त्याला काय करणार?"

करण्यासारखे पुष्कळ आहे. हवा दमट असते हे खरे, पण दमट हवासुद्धा विजेची वाईटच वाहक असते. प्रभार पळतो तो वस्तूंच्या पृष्ठभागावरून. काच, पुठ्ठा, लाकूड, कापूस, आपली बोटे या सगळ्यांवर पावसाळ्यात पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो. त्या थरात घामाचे, धुळीचे, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचे क्षार विरघळतात आणि थर वाहक होतो. अख्ख्या गोव्याची हवा कोरडी करणे कुणाच्या हातात नाही. एक पाइप, एक फडके आणि एका बरणीचे झाकण कोरडे ठेवणे मात्र कोणत्याही शाळेला जमण्यासारखे आहे, आणि त्यासाठी लागणारा खर्च बहुतेक वेळा शून्य असतो.

हे मी आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. प्रयोग फसला की पुष्कळदा वर्गात सांगितले जाते, "पाने उघडली असे समजा." तेरा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की पाने उघडली नाहीत, आणि वहीत लिहिले की उघडली. त्यापेक्षा तो धडा खडूने फळ्यावर शिकवलेला बरा.

आता क्रमाने तपासू या. फुकटचे आधी, खर्चाचे आणि कटकटीचे शेवटी.

हा बिघाड आहेच का?

पाइप जवळ नेल्यावर पाने उघडतात आणि दूर नेल्यावर मिटतात, हे लक्षण मला वारंवार 'बिघाड' म्हणून दाखवले जाते. तो बिघाड नाही. पाइप नुसता जवळ आणला की चकतीतले इलेक्ट्रॉन ढकलले जाऊन खाली पानांकडे जातात, दोन्ही पानांवर सारखाच प्रभार येतो, पाने फाकतात. पाइप गेला की इलेक्ट्रॉन परत जागेवर. याला प्रवर्तन म्हणतात आणि ते अगदी बरोबर चालले आहे.

पाने उघडी राहायला हवी असतील तर प्रभार चकतीवर उतरवावा लागतो. प्लॅस्टिक स्वतः वाहक नसल्याने एका बिंदूला टेकवून भागत नाही, कारण त्या बिंदूवरचाच प्रभार उतरतो. पाइपची घासलेली पूर्ण लांबी चकतीच्या कडेवरून फिरवत ओढायची. दुसरी रीत जास्त भरवशाची : पाइप जवळ धरायचा, दुसऱ्या हाताचे बोट चकतीला क्षणभर लावायचे, आधी बोट काढायचे आणि मग पाइप दूर न्यायचा. हा क्रम उलटा झाला तर हाती काही लागत नाही. पाने पाइपच्या विरुद्ध प्रभार घेऊन उघडी राहतात. एवढे करूनही मिटत असतील, तर मात्र पुढे चला.

दोष कोणाचा, घासणाऱ्याचा की दाखवणाऱ्याचा?

या तपासणीला एक मिनिट लागते आणि ती केल्याशिवाय काहीही उघडू नये. सेलोटेपच्या रोलवरून साधारण वीतभर पट्टी झटक्यात ओढून काढा आणि ती चकतीच्या जवळ धरा. रोलमधून नुकताच सुटलेला पृष्ठभाग ताजा असतो, त्यावर ओलाव्याचा थर बसायला वेळच मिळालेला नसतो, म्हणून भर जुलैतही त्यावर चांगला प्रभार येतो.

पट्टीने पाने उघडली, पण तुमच्या पाइपने उघडत नाहीत, तर विद्युतदर्शी ठीक आहे. दोष पाइप, फडके किंवा हात यांचा. पट्टीनेही पाने हलत नसतील, तर पानांकडे आणि तारेकडे बघा. पट्टीने उघडतात, पण पट्टी तिथेच धरून ठेवली तरी हळूहळू मिटतात, आणि घासून दिलेला प्रभारही टिकत नाही, तर झाकण गळते आहे. मला येणाऱ्या तक्रारींत हा शेवटचा प्रकार सर्वांत जास्त.

हात, केस, फडके

हात साबणाने धुऊन कोरडे पुसा. सॅनिटायझर लावू नका. त्यात त्वचा मऊ राहावी म्हणून बहुधा ग्लिसरीन असते, ते हवेतले पाणी ओढते आणि पाइपवर त्याचा थर बसतो. पाइप एका टोकाला धरायचा, घासायचा भाग हाताने चाचपायचा नाही. मुलांना हे सांगावे लागते, कारण वस्तू हातात आली की ती पूर्ण फिरवून पाहणे हा त्यांचा हक्कच आहे.

कंगव्याचा प्रयोग असेल तर केस पाहा. आपल्याकडे बहुतेक मुले खोबरेल तेल लावून, नीट भांग पाडून शाळेत येतात. तेलाचा थर कंगवा आणि केस यांच्या मध्ये येतो, प्लॅस्टिकचा केसांना थेट स्पर्शच होत नाही, आणि प्रभार या दोन पृष्ठभागांच्या स्पर्शातूनच तयार होतो. आदल्या दिवशी "उद्या कुणी तरी केस धुऊन, तेल न लावता या" एवढे सांगितले तरी काम होते.

फडक्यांबद्दल पुस्तके लोकर आणि रेशीम म्हणतात. गोव्यात घरात स्वेटर सापडणे कठीण, पण पूजेचे लोकरीचे आसन पुष्कळ घरांत असते, आणि जुन्या रेशमी साडीचा ब्लाउजपीस मिळतो. दोन्ही पाणी भरपूर शोषतात. आसन कपाटातून काढून तसेच वापरले तर फडके नव्हे, ओला स्पंजच घेतल्यासारखे होते. वापरण्याआधी त्यावर कोमट इस्त्री फिरवा. कपडे मऊ करणाऱ्या द्रवात धुतलेले कापड घेऊ नका. तो द्रव कापडावर प्रभार साचू नये यासाठीच बनवलेला असतो. काहीच नसेल तर पॉलिथिनची पिशवी किंवा इस्त्रीने गरम केलेला टिश्यू पेपर चालतो.

काय घासता?

काचकांडी आणि रेशीम ही जोडी पावसाळ्यात कपाटातच राहू द्या. काचेच्या पृष्ठभागाला पाणी फार आवडते. थर लगेच बसतो. तिच्या जागी वायरिंगचा पीव्हीसी पाइप घ्या, हार्डवेअरच्या दुकानात उरलेला हातभर तुकडा बहुधा असाच देतात. पीव्हीसी पाणी शोषत नाही आणि लोकरीवर घासल्यावर त्यावर भरपूर ऋण प्रभार येतो.

एक गोष्ट अलीकडे वारंवार घडते. जुन्या कृतिपुस्तिकांत 'एक स्ट्रॉ घ्या' असे असते. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिक स्ट्रॉवर देशभर बंदी आहे, त्यामुळे मुले आणतात ती कागदाची स्ट्रॉ. कागद पाणी शोषतो. ती किती का घासा, भिंतीला चिकटणार नाही. मुलाला वाटते आपले चुकले. त्याला वापरलेली रिकामी रिफिल द्या, त्याच तासात फरक दिसेल.

ऊब : सगळ्यात जास्त फळ देणारी दुरुस्ती

इथवरचे सगळे करूनही गाडी अडली असेल, तर वस्तू गरम करा. भाजायच्या नाहीत, हाताला उबदार लागतील एवढ्याच.

का ते नीट समजून घेतले पाहिजे. समजा वर्गात २७ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० टक्के सापेक्ष आर्द्रता आहे, म्हणजे जुलैमधला नेहमीचा दिवस. त्याच हवेचा पाइपला चिकटून असलेला थर ३५ अंशांवर नेला, तर त्यातले पाणी तेवढेच राहूनही सापेक्ष आर्द्रता सुमारे ५७ टक्क्यांवर येते. ४० अंशांवर नेला तर सुमारे ४४ टक्के. गरम हवेत वाफ सामावण्याची मर्यादा वाढते, म्हणून पृष्ठभागावरचा थर उडून जातो. पाइपपुरता तुम्ही जुलैमध्ये जानेवारी आणलेला असतो.

यासाठी हेअर ड्रायर उत्तम : पाइप, फडके, चकती आणि झाकणाचा वरचा भाग यांवर एकेक मिनिट. पानांवर झोत सोडू नका. ड्रायर नसेल तर लाकडी पेटीत ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून ठेवा आणि साहित्य तासभर आधी त्यात, बल्बपासून वीतभर लांब ठेवा. एलईडी बल्बने पेटी गरम होत नाही. पेटीत थर्मोकोल आणि कागद ठेवू नका, आणि बल्ब पेटलेला असताना खोलीत कुणी तरी मोठे माणूस हवे.

मेणबत्तीवर पाइप शेकून घ्यायची युक्ती काही जण करतात. ज्योत विझेपर्यंत प्रयोग सुरू करू नका. ज्योतीतून आयन (प्रभारित कण) निघतात, ते जवळच्या कोणत्याही वस्तूवरचा प्रभार खाऊन टाकतात. शेजारच्या टेबलावर रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक चालू असेल आणि बर्नर पेटलेला असेल, तरी हेच होते. पाने का मिटतात ते अर्धा तास शोधूनही सापडत नाही तेव्हा आधी आसपास पेटलेली ज्योत आहे का ते बघावे.

आता एसीचा मुद्दा, कारण नव्या प्रयोगशाळांना एसी आहेत. एसीत हवा कोरडी होते, प्रयोग सुरेख चालतो. मग तेच साहित्य उचलून वर्गात नेले की बंद. २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातले पाणी दव होऊन जमू लागते तो, साधारण २५ अंश असतो. तुमची बरणी एसीमुळे २३ अंशांवर असेल, तर दाराबाहेर पाऊल टाकताच तिच्यावर दव जमते. चष्मा लावणाऱ्या शिक्षकांनी हा अनुभव त्याच दारात घेतलेला असतो. एक तर मुलांनाच प्रयोगशाळेत बोलवा, किंवा साहित्य बाहेर आणून ड्रायरने उबदार करून मगच वापरा.

पंख्याने हवा कोरडी होत नाही, उलट पाने हलतात, बंद ठेवा. आणि दारे-खिडक्या बंद करून चाळीस मुले दाटीने बसवू नका. श्वास आणि घाम यांनी खोलीतला ओलावा तासाभरात वाढतो. सकाळी चालणारा प्रयोग मधल्या सुट्टीनंतर बंद पडण्याचे कारण मला बहुधा हेच सापडते; मुले खेळून घामेजलेली आत आलेली असतात.

धुणे

किनाऱ्यालगतच्या आणि मिठागरांजवळच्या शाळांमध्ये गरम करूनही भागत नाही, कारण पृष्ठभागावर मीठ बसलेले असते. स्वच्छ मीठ ७५ टक्क्यांवर सापेक्ष आर्द्रता गेली की हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, ते याहून कितीतरी आधी ओले होते. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पावसात पाणी सुटते ते याच कारणाने. तुमच्या विद्युतदर्शीच्या काचेवर आणि झाकणावर तेच चालू असते, फक्त थर पातळ असल्याने दिसत नाही.

पाइप आणि बरणी साबणाने धुवा, भरपूर पाण्याने साबण पूर्ण काढा, कारण उरलेला साबणही ओलावा धरतो. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून शेवटचे विसळणे बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने करा. गॅरेजमध्ये किंवा पेट्रोल पंपावर ते मिळते. नंतर हाताने न पुसता उबेत वाळवा. झाकणातला प्लॅस्टिकचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसला की पुरे. हे काम करताना जवळ ज्योत नको, कारण अल्कोहोलची वाफ पेट घेते.

झाकण

हातांनी बनवलेल्या विद्युतदर्शीत मी पहिला हात घालतो तो इथे. जॅमची किंवा लोणच्याची बरणी, पुठ्ठ्याचे गोल झाकण, त्यातून खोवलेली तांब्याची तार : पुस्तकातल्या चित्रात असेच असते आणि उत्तरेच्या कोरड्या हिवाळ्यात ते चालूनही जाते. आपल्याकडे पावसाळ्यात पुठ्ठा वाहक असतो. तारेवर दिलेला प्रभार पुठ्ठ्यातून बरणीवर, बरणीवरून टेबलावर, टेबलावरून जमिनीत जातो.

विश्वास बसत नसेल तर मुलांकडूनच तपासून घ्या. माझ्या मते मूळ प्रयोगापेक्षा ही तपासणी जास्त शिकवते. एक चालू विद्युतदर्शी चार्ज करा. मग एकेक वस्तू हातात धरून तिचे दुसरे टोक चकतीला लावा : पुठ्ठा, लाकडी पट्टी, बुच, काचकांडी, प्लॅस्टिकची पट्टी, मेणबत्ती, थर्मोकोल. ज्या वस्तूने पाने लगेच मिटली, ती त्या दिवसापुरती वाहक. वस्तू हातातच धरायची, म्हणजे प्रभाराला तुमच्या शरीरातून जमिनीकडे वाट मिळते. लाकूड आणि पुठ्ठा धडाधड मिटवतात. मेण आणि थर्मोकोल मिटवत नाहीत. काच जशी आली तशी लावली तर मिटवते, ड्रायरने गरम करून लावली तर मिटवत नाही. हा फरक पाहून मुलांचे डोळे चमकतात, कारण 'काच विद्युतरोधक' हे त्यांनी पाठ केलेले असते. हाच तक्ता जानेवारीत पुन्हा करून जुलैच्या तक्त्याशेजारी लावा.

आता दुरुस्ती. तार जिथे झाकणातून जाते तिथे प्लंबर वापरतात त्या टेफ्लॉन टेपचे आठ-दहा वेढे घट्ट द्या. टेफ्लॉनवर पाणी टिकत नाही, त्यामुळे थर सलग बनत नाही. वेढ्यांची लांबी झाकणाच्या वर आणि खाली एकेक सेंटिमीटर तरी बाहेर राहू द्या, कारण गळती पृष्ठभागावरून होते आणि वाट जितकी लांब तितकी गळती कमी. टेप नसेल तर झाकणाला मोठे भोक पाडून तार मधोमध धरा आणि भोवती मेणबत्तीचे वितळलेले मेण ओता. तार कुठेही पुठ्ठ्याला लागता कामा नये. साध्या पांढऱ्या मेणबत्त्या चालतात, रंगीत आणि वासाच्या नकोत. ओतायचे काम शिक्षकांनी करावे. मेण थंड झाल्यावर त्यावर बोट लावू नका, बोटाचा घाम तिथे पुन्हा वाट तयार करतो.

एवढ्या दुरुस्तीनंतर पावसाळ्यात पाने दोन-तीन मिनिटे उघडी राहिली तर वर्गासाठी पुरेसे झाले. पाने हळूहळू तर सुक्या दिवसांतही मिटतातच.

तार आणि पाने

तार जुन्या मोटरच्या गुंडाळीतली असेल तर तिच्यावर इनॅमलचा विद्युतरोधक थर असतो. पाने टांगायचे आणि चकती जोडायचे टोक ब्लेडने खरवडा. कापलेली अणकुचीदार टोके वळवून गोल कडी करा आणि चकतीच्या कडा आत दुमडा. अणकुचीदार टोकाजवळ विद्युतक्षेत्र फार तीव्र होते आणि तिथून प्रभार हवेत निसटतो. इथे, आणि इथेच, हवेला दोष द्यायला जागा आहे.

पाने स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलची चालतात, सुमारे ४ सेंटिमीटर लांब आणि अर्धा सेंटिमीटर रुंद, सुरकुती नसलेली. वेफरच्या पाकिटाचा चकचकीत कागद घेऊ नका, तो प्लॅस्टिकच असतो. मिठाईवरचा चांदीचा वर्ख फारच हलका असल्याने थोड्या प्रभारानेही फाकतो, पण हाताळताना श्वासानेसुद्धा फाटतो. ज्यांच्याकडे संयम आहे त्यांनी जरूर करून पाहावा. पान काचेला चिकटत असेल तर बरणी रुंद घ्या, किंवा पाने आखूड करा.

बरणीच्या आतला ओलावा

हे शेवटी, कारण बाहेरून गळत असेल तर आत कितीही कोरडे करून उपयोग नाही. तळाला चमचाभर सिलिका जेल ठेवा आणि झाकण मेणाने बंद करा. नारिंगी रंगाचे जेल घ्या, ते ओले झाले की हिरवट होते. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते विषारी आहे. मुलांच्या हाती देऊ नये. रंग बदललेले जेल ११० ते १२० अंशांवर तास-दोन तास तापवले की पुन्हा कामाला येते. स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका.

तास वाया जाऊ नये म्हणून

दुरुस्ती चालू असताना तास रिकामा जाऊ द्यायचा नसेल तर दोन प्रयोग हाताशी ठेवा. पहिला १६०० सालचा, विल्यम गिल्बर्टचा : हलकी पट्टी टाचणीच्या टोकावर तोलून ठेवायची आणि घासलेला पाइप जवळ न्यायचा, पट्टी वळते. फॉइलची किंवा कागदाची दुमडलेली पट्टी चालते. या पट्टीवर प्रभार साठवायचाच नसतो, त्यामुळे गळण्यासारखे काही नसते. अब्राहम बेनेटचा सोन्याच्या वर्खाचा विद्युतदर्शी आला तो १७८७ च्या सुमारास. संवेदनशील खरा, पण रोधकावर अवलंबून. दुसरा प्रयोग सेलोटेपचा : एक पट्टी टेबलावर चिकटवा, तिच्यावर दुसरी चिकटवा, दोन्ही एकत्र उचलून हलकेच बोट फिरवा आणि मग झटक्यात वेगळ्या करा. त्या एकमेकींना ओढतात. अशा दोन जोड्या केल्या तर दोन वरच्या पट्ट्या एकमेकींना ढकलताना दिसतात, आणि दोन प्रकारचे प्रभार आहेत हे मुले स्वतः शोधतात.

शक्य असेल तर हा धडा डिसेंबर ते फेब्रुवारीकडे सरकवा. त्या दिवसांतही पहाटेचे दव असतेच, आणि आपल्या शाळा बहुतेक सकाळच्या, म्हणून शेवटचा तास मागून घ्या.

इथे थांबा

वर सांगितलेले सगळे विजेच्या जोडणीविना आहे, कुणीही करावे. मोठी यंत्रे वेगळी.

व्हॅन डी ग्राफ जनित्र (पट्टा फिरवून धातूच्या घुमटावर मोठा प्रभार साठवणारे यंत्र) पावसाळ्यात ठिणगी देत नसेल, तर प्लग काढून एवढेच करा : घुमट धुऊन उबदार करा, रबरी पट्टा अल्कोहोलच्या कापसाने पुसा, आधाराचा खांब पुसा, आणि घुमटावर धूळ, केस किंवा पोचा असेल तर बघा. पट्टा ताणून पाहिल्यावर भेगा दिसल्या तर पुरवठादाराकडून त्याच मापाचा नवा मागवा. सायकलच्या ट्यूबमधून कापलेला चालत नाही, कारण काळ्या रबरात कार्बन असतो आणि तो प्रभार वाहून नेतो. खालची पेटी उघडू नका. तिच्यात २३० व्होल्टची मोटर आहे.

पुढीलपैकी काहीही आढळले तर त्याच क्षणी स्विच बंद करा आणि माणूस बोलवा : यंत्राच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, जळका वास येतो, यंत्र लावले की मेन बोर्डावरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो, बोर्डाभोवतीची भिंत ओली आहे, सॉकेटला अर्थिंग नाही. आरसीसीबी पडतो म्हणून तो बाजूला काढून थेट जोडणी देणारे हात मी पाहिले आहेत. असे कुणालाही करू देऊ नका. तो पडतो म्हणजे वीज नको तिथून जमिनीत जाते आहे. शाळेच्या आतले वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनने बघायचे असते, आणि मीटरपर्यंत येणाऱ्या जोडणीत दोष असेल तर तो वीज खात्याला कळवायचा. प्रयोगशाळेतला काही हजार व्होल्टचा पुरवठा संच आणि विकत घेतलेला सोन्याच्या पानांचा विद्युतदर्शी हेही उघडू नका. पहिला जीवघेणा ठरू शकतो, दुसऱ्याचे पान घरी बसत नाही.

पेसमेकर किंवा कानात बसवलेले श्रवणयंत्र असलेल्या कुणालाही व्हॅन डी ग्राफच्या जवळ उभे करू नका. यंत्र लावण्यापूर्वी वर्गात विचारा. मोठ्या आकाराची लेडन बरणी (प्रभार साठवून ठेवणारी बरणी) मुलांकडून करून घेऊ नका. आणि गडगडाट ऐकू आला की मेनवर चालणारे प्रत्येक यंत्र सॉकेटमधून काढून ठेवा.

तंत्रज्ञाला फोन करताना "मशीन चालत नाही" एवढेच सांगू नका. मोटर फिरते का, पट्टा फिरतो का, ठिणगी पूर्वी किती सेंटिमीटरची यायची आणि आता किती, आरसीसीबी पडतो का, आणि यंत्र शेवटचे कोणत्या महिन्यात नीट चालले, हे सांगा. ठिणगीची लांबी महत्त्वाची असते, कारण गोल घुमटांमध्ये एका सेंटिमीटरमागे ढोबळमानाने ३० हजार व्होल्ट धरता येतात. यंत्र फेब्रुवारीत चालून जूनमध्ये बंद पडले असेल, तर त्याला येण्याआधी हेअर ड्रायर तयार ठेवायला सांगा.